सोयरा म्हणजे कोण?

भाचीच्या साखरपुड्याची पत्रिका लिहायचे काम माझ्याकडे आले. घरात मराठी शिकवून निवृत्त झालेली मी एकटीच, म्हणून. मुलगा घानाचा, कुमासी शहरातला. दोघे नेदरलँड्समध्ये शिकत होती, तिथे ओळख झाली आणि तीन वर्षांनी दोघांनी लग्नाचे ठरवले. दादाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, ते ऐकून एवढेच म्हटले, ‘‘तुझं तू बघ. आम्हांला त्याचं सोयरसुतक नाही.’’ आणि फोन ठेवला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर बापलेकीत बोलणे नव्हते.

त्या वर्षात मी घरात कानावर पडणारे शब्द वहीत टिपत गेले. वंश, रंग, मिश्र, पसंत, सोयरीक. रात्री शब्दकोश काढून एकेका शब्दामागे जायचे. माणसे बोलेनाशी झाली होती. शब्द बोलत होते. त्यांनी जे सांगितले ते इथे मांडते आहे, कारण आमच्या घरात जे घडले ते आता अनेक मराठी घरांत घडते आहे.

सुरुवात ‘वंश’ या शब्दापासून करावी लागेल. अशा लग्नाला वर्तमानपत्री मराठीत ‘आंतरवंशीय विवाह’ म्हणतात. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे मुळात बांबू, वेळू. वेळू पेरापेराने वाढतो. एका पेरातून दुसरे निघते, दुसऱ्यातून तिसरे. बाप, मुलगा, नातू अशी रांग डोळ्यांपुढे आणताना जुन्या लोकांना हा चढत जाणारा वेळू आठवला आणि कुळाच्या परंपरेला ‘वंश’ हे नाव मिळाले. सूर्यवंश, यदुवंश, रघुवंश. त्यात कातडीच्या रंगाचा किंवा नाकाच्या ठेवणीचा काही संबंध नव्हता. पुढे इंग्रजीतल्या ‘रेस’ला प्रतिशब्द हवा झाला तेव्हा आपण हाच शब्द दिला, आणि एका घराण्याच्या पिढ्या मोजणाऱ्या शब्दाला अख्ख्या माणूसजातीची वाटणी करायला लावले.

हाच ‘वंश’ दुसऱ्या वाटेनेही मराठीत आला आहे. घराच्या छपराचा ‘वासा’ म्हणजे झिजून आलेला वंशच. बासरीतही तोच आहे. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण आपण सहज वापरतो. त्या वर्षी मला ती समोर दिसली. दादा फिरला, मग चुलते फिरले, मावसभाऊ फिरले. वाईच्या आमच्या घरात गणपतीला सगळे जमले, पण त्या मुलीचे नाव कुणी काढले नाही.

वंशभेदाच्या कल्पनेने जगात काय केले हे पाहायचे तर अमेरिकेत जन्मलेल्या एका शब्दाकडे जावे लागते. ‘मिसेजनेशन’ हा तो शब्द. काळ्या आणि गोऱ्या माणसांनी आपसांत लग्न करणे, एवढाच त्याचा अर्थ. पण उच्चार शिवीसारखा होत असे. शब्द घडला तो १८६३ च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कमध्ये. लेखकाचे नाव नसलेली एक पुस्तिका निघाली. तिच्यात काळ्या-गोऱ्यांच्या मिश्रणाची भलामण होती आणि ती जणू लिंकनच्या पक्षातल्या कुणी लिहिली आहे असा आव होता. प्रत्यक्षात ती लिहिली होती लिंकनविरोधी वृत्तपत्रातल्या दोन पत्रकारांनी, डेव्हिड क्रॉली आणि जॉर्ज वेकमन यांनी. १८६४ च्या निवडणुकीत गोऱ्या मतदारांनी बिथरावे हा हेतू होता. त्याआधी अशा लग्नांना ‘अमाल्गमेशन’ म्हणत. तो धातुशास्त्रातला शब्द, पाऱ्यात दुसरा धातू मिसळण्याचा. तो पुरेसा भीतिदायक नव्हता, म्हणून या दोघांनी लॅटिनचे दोन तुकडे जोडले: ‘मिस्केरे’ म्हणजे मिसळणे आणि ‘गेनुस’ म्हणजे कूळ, जात.

हे दोन तुकडे पाहिले आणि मी वहीवर थांबले. ‘मिस्केरे’ आणि आपला ‘मिश्र’ एकाच मुळाचे. ‘गेनुस’ आणि आपला ‘जन’ एकाच मुळाचे. ‘जन्म’ आणि ‘जात’ही त्याच घरातले. माणसांनी मिसळू नये हे सांगण्यासाठी घडवलेला शब्द वाईच्या माणसाला आणि रोमच्या माणसाला एकाच घरात बसवतो. गोव्यात पोर्तुगीज आणि स्थानिक यांच्या संततीला ‘मेस्तिस’ म्हणत, तोही याच ‘मिश्र’चा भाऊ. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आफोंसो द अल्बुकर्कने आपल्या शिपायांना तिथल्या बायकांशी लग्ने करायला उत्तेजन दिले होते. सत्ता टिकवण्यासाठी केलेली ती योजना होती, तिच्यात मोठेपणा शोधायचे कारण नाही. पण तिने मागे ठेवलेला एक शब्द सुंदर आहे. गोव्यातले ख्रिस्ती लोक लग्नाला ‘काजार’ म्हणतात. पोर्तुगीज ‘काझार’ म्हणजे लग्न करणे, आणि त्याच्या पोटात आहे ‘काझा’, म्हणजे घर. लग्न म्हणजे घर करणे.

अमेरिकेत ‘मिसेजनेशन’ने मात्र घरे मोडली. १९५८ च्या जूनमध्ये रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी आणि मिल्ड्रेड ही कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकी वंशपरंपरेची मुलगी वॉशिंग्टनला जाऊन लग्न करून आली. त्यांचे गाव व्हर्जिनिया राज्यात, तिथे असे लग्न गुन्हा होता. पाच आठवड्यांनी रात्री पोलीस त्यांच्या निजायच्या खोलीत शिरले. शिक्षा झाली एक वर्षाची कैद. पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहिलात तर माफ. ज्या गावात आई, बाप, सासू, सासरे, दीर, नणंदा होत्या तिथे त्यांना एकत्र पाऊल ठेवता येईना. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १२ जून १९६७ रोजी एकमताने निकाल लागला की असे कायदे घटनाबाह्य आहेत. त्या दिवशी अमेरिकेतल्या सोळा राज्यांत ते कायदे चालू होते. गॅलप या संस्थेने १९५८ मध्ये विचारले तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला पसंती देणारे अमेरिकी शंभरात चार होते. २०२१ मध्ये ते चौऱ्याण्णव झाले. कातडी बदलली नाही, माणसे बदलली.

हे वाचून कुणी म्हणेल, तिकडचे पाप तिकडे. म्हणून आपली वही उघडते. आपल्या स्मृतिग्रंथांत ‘अनुलोम’ आणि ‘प्रतिलोम’ असे दोन शब्द आहेत. ‘लोम’ म्हणजे अंगावरचे केस. केसांच्या दिशेने हात फिरवला की तो अनुलोम, उलटा फिरवला की प्रतिलोम. वरच्या वर्णाच्या पुरुषाने खालच्या वर्णाची बायको केली तर ते लग्न अनुलोम, चालवून घेण्याजोगे. उलट झाले तर प्रतिलोम, निषिद्ध. आणि होणाऱ्या संततीला ‘संकर’. हे शब्द पोथीतून बाहेर येऊन आमच्या घरात बसलेले मी पाहिले. चुलतभावाच्या मुलाने जर्मन मुलगी केली तेव्हा गावभर पेढे वाटले गेले. ‘परदेशी सून’ असे सांगताना काकूंचा आवाज वर जायचा. भाचीने घानाचा मुलगा निवडला तेव्हा त्याच घराने दारे लावून घेतली. परदेश दोन्हीकडे होता, शिक्षण दोन्हीकडे होते, धर्मही दोन्हीकडे वेगळा होता. फरक होता तो हात कोणत्या दिशेने फिरतो याचा. आम्ही कुणी स्मृती वाचलेली नव्हती. आम्हांला ती वाचायची गरजच नव्हती.

रंगाचे शब्दही मी टिपले होते. ‘स्थळ पाहिजे’च्या जाहिरातींत ‘निमगोरी’ हा शब्द वर्षानुवर्षे छापून येतो. गोरी म्हणायला जीभ रेटत नाही आणि सावळी म्हणायला मन धजत नाही, तिथे ‘निमगोरी’. यातला ‘नीम’ फारसीचा, अर्थ अर्धा. ‘गोरा’ संस्कृत ‘गौर’पासून. म्हणजे मुलीच्या कातडीची शुद्धता मोजण्यासाठी आपण जो शब्द वापरतो, त्या शब्दातच दोन भाषांचे लग्न लागलेले आहे, आणि कुणाला ते कधी खटकले नाही.

वंश नावाची ही मोजपट्टी एका मराठी बाईने पार बर्लिनमध्ये जाऊन तपासली होती. इरावती कर्वे. एकोणीसशे विशीच्या अखेरीस त्या ऑयगेन फिशर या जर्मन मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतल्या मिश्र कुटुंबांवर १९१३ मध्ये ग्रंथ लिहून हा माणूस नावारूपाला आला होता, आणि वंशमिश्रणाला विरोध करणाऱ्यांना त्याच्या लिखाणाचा आधार मिळत होता. इरावतीबाईंना विषय मिळाला कवट्यांच्या दोन बाजूंतल्या असमतेचा. त्या असमतेचा वंशाशी संबंध आहे अशी गुरूची धारणा होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि मोजमापातून तसा वंशभेद दिसत नाही असे प्रबंधात लिहिले. परक्या देशात, गुरूच्या संस्थेत, गुरूच्या मताविरुद्ध. पुढे १९५३ मध्ये त्यांचा भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ आला. त्यासाठी त्यांनी प्रांतोप्रांतीचे नात्याचे शब्द गोळा केले होते: कोण कुणाला काय म्हणते, कुठे मामा हाच सासरा असतो आणि कुठे तसे लग्न चालत नाही. कवट्यांनी जे सांगितले नाही ते नात्याच्या शब्दांनी सांगितले. इरावतीबाई ज्या घरात सून म्हणून आल्या त्या घराला लग्नावरून वाळीत पडणे नवे नव्हते. त्यांचे सासरे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केले तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले होते.

नात्याच्या शब्दांकडे मीही मग वळले, आणि आधी लग्नाच्या शब्दांना हात घातला. ‘लग्न’ म्हणजे चिकटलेले. ‘लग्’ हा धातू, त्याचेच ‘लागणे’. क्षितिजाला जी रास लागलेली असते ती लग्नरास, त्यावरून लग्नाची घटका, आणि त्यावरून खुद्द विवाह. ‘लग्न लागले’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो. ‘साखरपुडा’ तर उघडच आहे, साखरेचा पुडा. पण ‘साखर’ हा शब्द केवढा हिंडला आहे! संस्कृत ‘शर्करा’, फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, इटालियन ‘झुक्केरो’, इंग्रजी ‘शुगर’. ज्या भाषेत गेला तिथे कुणी त्याला जात विचारली नाही. लग्नघरात पुढे पाहा. ‘बस्ता’ बांधायला जातो, तो बस्ता फारसी. ‘सनई’ फारसी. ‘अत्तर’ अरबी, ‘गुलाब’ फारसी.

आणि होकार? ‘मुलगा पसंत आहे?’ यातला ‘पसंत’ फारसी. ‘कबूल’, ‘राजी’, ‘मंजूर’ हे तिन्ही अरबी मुळाचे, फारसीच्या हाताने आलेले. मराठी बाप मुलीच्या लग्नाला हो म्हणताना तोंडात येणारे इतके शब्द बाहेरून आलेले आहेत. त्यांना आपण कधीच घरात घेतले, आणि ते इतके घरचे झाले की त्यांच्यावाचून आज होकारही देता येत नाही.

मग नाती. ‘सून’ संस्कृत ‘स्नुषा’पासून. लॅटिनमध्ये सुनेला ‘नुरुस’, रशियनमध्ये ‘स्नोखा’, जुन्या इंग्रजीत ‘स्नोरु’. ‘सासू’ म्हणजे ‘श्वश्रू’, लॅटिन ‘सोक्रुस’. ‘दीर’ म्हणजे ‘देवर’, लॅटिन ‘लेव्हिर’. ‘जावई’ म्हणजे ‘जामातृ’, आणि फारसी ‘दामाद’ त्याचा सख्खा. काकूंच्या जर्मन सुनेची भाषा आणि काकूंची भाषा हजारो वर्षांमागे एकाच चुलीशी बसत होत्या. हे शोधून मी आनंदले, आणि लगेच मनात आले की कुमासीची अकान भाषा या कुळातली नाही. तिचा ‘सून’शी काही संबंध नाही. मूळ एक असेल तरच माणूस आपला, असे म्हटले तर हा मुलगा पुन्हा दाराबाहेरच राहिला. शब्दकुळाचा पुरावाही शेवटी वंशाचाच पुरावा.

तेव्हा मला ‘सोयरा’ भेटला. हा शब्द आपण लग्नाने जोडलेल्या माणसांना लावतो. मुलीचे सासर ते आपले सोयरे. लग्नसंबंध जुळला की सोयरीक झाली. पण शब्दाचे मूळ आहे संस्कृत ‘सोदर’. स आणि उदर. एका उदरातून आलेला, एका पोटचा, सख्खा भाऊ. ‘सोदर’चा प्राकृतात ‘सोअर’ झाला, मराठीत ‘सोयरा’. ज्याच्याशी रक्ताचा काही संबंध नाही, काल कुठला कोण होता, त्याच्या घरात मुलगी दिली आणि मराठीने त्याला ‘एका पोटचा’ म्हटले. शेजारीच ‘व्याही’ हा शब्द आहे. तो ‘वैवाहिक’पासून आला, विवाहाने झालेला एवढेच तो सांगतो. मराठी माणसाचे ‘व्याही’वर भागत होते. तरी त्याने ‘सोयरा’ केला.

शब्दाचा हा अर्थ आपल्या संतांना ठाऊक होता असे मला वाटते. तुकोबांनी झाडावेलींना सोयरे म्हटले. चोखोबांच्या पत्नीचे नाव सोयरा. ज्या घराला देवळाची पायरी चढू दिली नाही, त्या घरातल्या अभंग रचणाऱ्या बाईचे नाव ‘एका पोटची’. आणि १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण तयार केले, आणि आयोजकांनी परिषदच रद्द केल्यामुळे जे पुस्तकरूपाने छापावे लागले, त्यात त्यांनी जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय लग्नच सांगितले. पंगतीला एकत्र बसल्याने परकेपणा जात नाही, रक्ताचे नाते जुळले म्हणजे जातो, असा त्यांचा विचार. याला मराठीत एकच शब्द आहे. माणसे सोयरी झाली पाहिजेत.

सोयरा कसा करतात याची दोन उदाहरणे माझ्या वहीत आहेत. पहिले इंदूरचे. गादीवरून उतरलेले महाराज तुकोजीराव होळकर यांनी १९२८ मध्ये सिएटलच्या नॅन्सी ॲन मिलर या अमेरिकन मुलीशी लग्न ठरवले. समाजात मोठा वाद उठला. मग नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिची शुद्धी केली, तिचे नाव शर्मिष्ठा ठेवले, आणि धनगर समाजातल्या एका कुटुंबाने तिला दत्तक घेतले. त्यानंतर लग्न झाले. ‘शुद्धी’ हा शब्द मला टोचतो, कारण आलेली मुलगी अशुद्ध आहे असे तो धरून चालतो. पण दत्तकाची रीत मला विचार करायला लावते. सून होण्याआधी तिला लेक व्हावे लागले. ‘सोदर’चा ‘सोयरा’ झाला त्याच वाटेने उलटे चालत समाजाने तिला आधी पोटात घेतले. आणि नाव निवडले तेही पाहा. महाभारतातली शर्मिष्ठा ही असुरराजाची मुलगी. तिचा मुलगा पुरू, आणि पुरूच्या वंशात कौरव-पांडव. ज्या वंशाचे महाकाव्य आपण सांगतो त्याच्या वेळूचे एक पेर असुराच्या लेकीचे आहे.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतले. आजच्या बोत्स्वानातल्या बामंग्वाटो लोकांचा वारस सेरेत्से खामा लंडनमध्ये शिकत होता. २९ सप्टेंबर १९४८ रोजी त्याने रूथ विल्यम्स या इंग्रज मुलीशी लग्न केले. त्याला वाढवणारा काका त्शेकेडी संतापला. सेरोवे गावात ‘कगोत्ला’ भरली. कगोत्ला म्हणजे जमातीची चावडी, जिथे प्रत्येकाला बोलता येते. पहिल्या बैठकींत लोकांनी लग्न नाकारले. जून १९४९ मध्ये पुन्हा चावडी बसली, आणि रूथसह मला स्वीकारणाऱ्यांनी उभे राहावे असे सेरेत्सेने म्हणताच हजारोंचा जमाव उभा राहिला. त्यानंतर अडवले ते घरच्यांनी नव्हे, ब्रिटिश सरकारने. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेने त्याच वर्षी मिश्रविवाहबंदीचा कायदा केला होता आणि तिला दुखवायचे नव्हते. दोघांना १९५६ पर्यंत देशाबाहेर ठेवले गेले. १९६६ मध्ये बोत्स्वाना स्वतंत्र झाला आणि सेरेत्से पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. रूथला पुढे लोक ‘म्मा कगोसी’ म्हणू लागले, म्हणजे राजाची आई. लंडनची गोरी पोर तिथे ‘आई’ या शब्दाने घरची झाली.

आता आमच्या घराकडे येते. घानातल्या अकान लोकांत लग्नाची पहिली पायरी ‘कोकोको’. दारावर टकटक केल्याचा जो आवाज, तेच तिचे नाव. मुलाकडची वडील माणसे मुलीच्या दारात येतात, पेय आणि भेटी पुढे ठेवतात आणि तुमच्या घरात एक फूल पाहिले ते मागायला आलो, अशा वळणाच्या भाषेत मागणी घालतात. मुलाच्या मामाला तिथे मोठा मान, कारण अकानांचे कूळ, ‘अबुसुआ’, आईकडून चालते. एका आईच्या उदरातून चालत आलेले ते कूळ. माझ्या वहीतला ‘सोदर’ मला तिथे पुन्हा भेटला.

मुलाची आई आणि मामा गेल्या माघात वाईला आले. दादाने येऊ नका म्हटले नव्हते, या असेही म्हटले नव्हते. दार उघडेच होते, तरी मामांनी उंबऱ्याबाहेर उभे राहून कडी वाजवली. दादा आत झोपाळ्यावर बसला होता. आई म्हणाली, ‘‘अरे, मुलीच्या बापाचे जोडे झिजतात आपल्याकडं. हे लोक सात समुद्र ओलांडून तुझ्या दारात मागणी घालायला उभे आहेत. ऊठ.’’ दादा उठला. त्याने काही गोड बोलून घेतले नाही. पाणी दिले आणि बसा म्हणाला. आईने विहीणबाईंना हळदीकुंकू लावले. मामांना काय म्हणायचे असे तिने मला विचारले. मी म्हटले, ‘‘मामाच म्हण. त्यांच्यातही तोच मान आहे.’’ तिने मुलीला हाक मारली, ‘‘चहा टाक गं, मामा आलेत.’’ घरातले पहिले नाते त्या हाकेने जुळले.

साखरपुड्याच्या पत्रिकेत ‘आंतरवंशीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ असे कुठलेही विशेषण मी घातले नाही. चुलतभावाने सुचवले होते. मी लिहिले, ‘आमची सोयरीक ठरली आहे, आशीर्वाद द्यायला यावे.’ सगळे आले नाहीत. जे आले त्यांनी साखर खाल्ली.

यानंतर दीड महिन्याने कुमासीहून निरोप आला की मुलाची आजी गेली. पाडवा चार दिवसांवर होता. श्रीखंडाचा चक्का टांगायला आईने कापड काढले होते. दादा स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, ‘‘या पाडव्याला गोड राहू दे. सोयऱ्यांकडं सुतक आहे.’’

‘सोयर’ म्हणजे जन्माचा विटाळ, ‘सुतक’ म्हणजे मृत्यूचा. दुसऱ्याच्या घरच्या जन्माने आणि मरणाने ज्याच्या घरचा स्वयंपाक बदलतो, त्याला त्या घराचे सोयरसुतक असते. पोथीच्या हिशेबाने त्या आजीचे सुतक आम्हांला लागत नव्हते. दादाने ते धरले. वर्षापूर्वी ज्या शब्दाने त्याने मुलीला तोडले होते, तोच शब्द त्याने परत घेतला.

वाचकहो, तुमच्या घरात अशी वेळ आली तर मान्यता, स्वीकार, समाज हे मोठे शब्द थोडे बाजूला ठेवा. आलेल्या मुलाला जावई म्हणा, मुलीला सून म्हणा, त्यांच्या माणसांना मामा, काका, विहीणबाई म्हणा. नावाने नको, नात्याने हाक मारा. एका पोटचे करून घेणारा शब्द मराठीने आपल्याला कधीच देऊन ठेवला आहे. तो वापरा.